नोटीसबोर्डावरचं गाव

परवा फोनवर थोरलीने विचारलं, आजी, तू रिटायर झालीस, मग अजून शाळेत कशाला जातेस? उत्तर देणार तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि फोन ठेवावा लागला. म्हणून आता सुरुवातीपासून नीट लिहिते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे, तेव्हा वाक्यं लहान ठेवते. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. बाबाला विचारू नका, तो ठोकून देईल.

आपल्या राहुरीपासून थोडं आत एक गाव आहे. आजूबाजूचे लोक त्याला अजून 'नवं गाव' म्हणतात, जरी तिथली कडुनिंबाची झाडं आता शाळेच्या छपराच्या वर गेली आहेत. नवं अशासाठी की जुनं गाव मुळा धरणाच्या पाण्याखाली गेलं. धरण झालं तेव्हा लोकांनी घरांची लाकडं, दारं, देवळातला मारुती, सगळं बैलगाड्यांत भरून इकडे आणलं. एखाद्या वर्षी उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की जुन्या देवळाचा चौथरा दिसतो. मग तरुण मुलं मोटारसायकली काढून बघायला जातात आणि मोबाईलवर फोटो पाठवतात.

या गावातल्या शाळेत मी आठवड्यातून काही दिवस मुलांना इंग्रजी वाचायला मदत करते. दिवाळीच्या सुट्टीआधी इतिहासाचे सर माझ्याकडे आले. शाळांची इतिहास स्पर्धा आहे, या वर्षीचा विषय 'माझ्या गावाचा इतिहास', आधी तालुका आणि मग जिल्हा. मुलींना प्रकल्प मांडायला, तक्ते नीट लिहायला मदत कराल का, असं त्यांनी विचारलं. तक्ते नीट लिहायचे हे ऐकून मला नाही म्हणणं शक्य नव्हतं. तुमच्या आईने तुम्हाला सांगितलंच असेल की आपल्या घरात मिठाच्या बरणीवरसुद्धा 'मीठ' असं लिहिलेलं आहे.

गटात तिघी होत्या, तिघी नववीतल्या. त्यांची प्रमुख एक उंच, सावळी, कमी बोलणारी मुलगी. तिच्या घरी शेती, थोडा ऊस, दोन गाई. तिच्याबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आदल्या वर्षी हीच मुलगी याच स्पर्धेत उतरली होती. तिच्या हौशी मामाने नगरहून लग्नाचे मंडप सजवणारा एक ओळखीचा माणूस आणला आणि त्याच्याकडून थर्माकोलमध्ये आपल्या जिल्ह्यातला खर्ड्याचा किल्ला करून घेतला. किल्ला देखणा होता. त्यात बारीक दिवेही लागत होते. परीक्षकांनी तिला एवढंच विचारलं की मुख्य दरवाजा कुठल्या दिशेला आहे. तिला सांगता आलं नाही. खर्ड्याचा खरा किल्ला तिने पाहिलाच नव्हता, आणि हा किल्ला तिने आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिला होता. स्पर्धेचा नियमच आहे की सगळं काम मुलांनी स्वतःच्या हाताने करायचं, मोठ्यांनी केलेलं काही दिसलं तर प्रकल्प स्पर्धेबाहेर. तिचा प्रकल्प सगळ्यांसमोर टेबलावरून उचलून भिंतीकडे ठेवला गेला. त्यानंतर वर्षभर वर्गातली मुलं तिला वाटेत गाठून विचारायची, "काय गं, दरवाजा सापडला का?"

त्यामुळे या वर्षी तिला एकच गोष्ट हवी होती. सगळं आपल्या हाताने करायचं आणि जिल्ह्याच्या फेरीला नगरला जाऊन उभं राहायचं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण स्टँडवर कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतात, आणि तीही नगरच म्हणायची.

तिने ठरवलं की जुनं गाव मातीत करायचं. कोणतंही पुस्तक किंवा नकाशा न घेता, फक्त जी माणसं तिथे राहिली त्यांना विचारून. ही कल्पना तिची एकटीची होती. मी फक्त एक मोठा जुना नोटीसबोर्ड दिला. तुमचे आजोबा त्यावर घरातली बिलं टाचून ठेवायचे. त्याला चारी बाजूंनी सागवानी चौकट आहे, चांगली दोन बोटं उंच. माती बाहेर सांडणार नाही, कडा स्वच्छ दिसतील, असं मला वाटलं. ही चौकट लक्षात ठेवा.

मग तिघी घरोघर फिरल्या. जुन्या गावात लहानाची मोठी झालेली किंवा तिथे सून म्हणून आलेली माणसं आता सगळी म्हातारी आहेत. दुपारी ती मारुतीच्या देवळात बसतात. मुलींनी तिथेच ठाण मांडलं. पहिल्या दिवशी मीही गेले. मला वाटलं होतं की म्हातारी माणसं डोळे मिटून शांतपणे सांगतील. तसं काही झालं नाही. वेशीपासून चावडीपर्यंत दोन्ही अंगाला कोणकोण राहत होतं, एवढं ठरवायलाच दुपार गेली. एका आबांचं म्हणणं होतं की त्यांचं घर वेशीला लागून पहिलं. दुसरे म्हणाले की वेशीला लागून यांचा गोठा होता, घर पार मागे. यावर आबा चिडले.

"गोठा म्हनं! पोळ्याला पयला बैल कुनाचा जायाचा तोरनाखालून?"

"बैल गोठ्यातच राहतो की आबा," दुसरे शांतपणे म्हणाले, आणि देवळात सगळे हसले. आबा उठून गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसले.

मुलगी हे सगळं ऐकायची आणि खडूने फरशीवर चौकोन काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. वाद मिटला नाही तर ती म्हणायची, दोघांचं घर शेजारीशेजारी दाखवते, चालेल? दोघांनाही चालायचं नाही, पण चहा येईपर्यंत दोघंही गप्प बसायचे.

मी माझ्या परीने प्रमाण घालून दिलं. देऊळ एवढं, चावडी एवढी, मोठं घर इतकं, लहान घर इतकं. मुलींनी पट्टी लावून, चाळलेल्या मातीत भुसा मळून, एकसारखी सुबक घरं केली. उन्हात वाळवली, पोस्टर कलरने रंगवली. मला फार समाधान वाटलं.

आता तिच्या आजीबद्दल. आजी तिच्या घरात सगळ्यांत मोठी, वाकलेली, पण दिवसभर काहीतरी करत राहणारी. लग्न होऊन ती जुन्या गावातच आली होती. मातीचं काम घरात सुरू झाल्यावर तिचे हात शिवशिवू लागले. ती यायची, एक घर उचलायची, म्हणायची हे असं नव्हतं. नात लगेच ते घर तिच्या हातातून काढून घ्यायची. नियम म्हणजे नियम. दुसऱ्या कुणाचं बोट लागता कामा नये, असं तिने घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं. मामाला तर त्या दिवसांत घरी यायचीच बंदी होती. आजी म्हणायची, मी भुसा तरी चाळून देते. नात म्हणायची, नको. मी पाहत होते. मला दोघींचंही पटत होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

शेवटी नातीला दया आली असावी. गावाभोवती शेतं दाखवायची होती. त्यासाठी तिने आपल्या इकडे दिवाळीच्या किल्ल्यावर पेरतात तसे अळीव पेरले. अळिवाचं बी ओलं झालं की चिकट होतं आणि दोन-तीन दिवसांत हिरवंगार उगवतं, अगदी बारीक शेतासारखं. पेरलं तिने, पण त्यावर रोज पाणी शिंपडायचं काम तिने आजीला दिलं. उगवणं काही हाताचं काम नाही, ते बीच करतं, असा तिने विचार केला. आजी खूश झाली. रोज सकाळी बोटं बुडवून ती पाणी शिंपडू लागली.

तालुक्याची स्पर्धा मंगळवारी होती. शनिवारी मी जाऊन पाहिलं तेव्हा सगळं तयार होतं. फक्त एका कोपऱ्यात, नदीकडच्या बाजूला, अळीव नीट उगवले नव्हते. तिथे ऊन जास्त लागत होतं बहुतेक. मी तसं म्हणालेही, की एवढा एक भाग कोरडा दिसतोय.

रविवारी सकाळी घरचे सगळे एका लग्नाला गेले. आजी एकटी घरी होती. तिने तो कोरडा कोपरा पाहिला. त्या बाजूला पूर्वी त्यांची स्वतःची जमीन होती, हे आम्हाला नंतर कळलं. बोटांनी शिंपडून भागेना, म्हणून तिने तांब्याने पाणी घातलं. मग वाटलं, थोडं अजून. मग गुरांना पाणी पाजायला ती बाहेर गेली.

दिवाळीच्या किल्ल्यावर तांब्याने पाणी घातलं तर काही होत नाही, खाली वाहून जातं. पण इथे माझी सागवानी चौकट होती. पाणी कुठेच गेलं नाही. ते चौकटीच्या आत साचलं, वेशीतून आत शिरलं, चावडीपर्यंत चढलं, आणि कच्च्या मातीची घरं एकेक करून पायापासून खचत गेली. थोरली, तुला आपला किल्ला आठवत असेल. तू झारीने पाणी घातलंस आणि बुरूज बसला, आणि धाकटा 'पुन्हा कर' म्हणत टाळ्या वाजवत होता. तसंच झालं, पण इथे टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

मला मुलीचा फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "बाई, गाव बुडालं," एवढंच ती म्हणाली.

मी रिक्षा करून गेले. पडवीत नोटीसबोर्ड होता. देऊळ तेवढं अर्धं उभं होतं, कारण त्याच्या आत विटेचा तुकडा घातला होता. बाकी रंगीत चिखल. मुलगी त्याच्यासमोर उकिडवी बसली होती, लग्नाचे कपडे अंगावर तसेच. आजी आत भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती जेवली नव्हती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली,

"एकदा सरकारनं बुडिवलं, बाई. एकदा मी."

नात बाहेरून ऐकत होती. ती आत आली नाही, पण उठली, कपडे बदलून आली आणि माती चाळायला बसली. दोघी मैत्रिणी आल्या. थोड्या वेळात देवळातली मंडळीही आली, कारण गावात अशी बातमी पोचायला फोन लागत नाही. आबा आल्याआल्या म्हणाले की त्यांचं घर आधी करा, ते सगळ्यांत आधी बुडालं असणार, नदीला जवळ होतं. कालपर्यंत ते वेशीला जवळ होतं. कुणीतरी त्यांना तशी आठवण करून दिली.

मुलीने म्हाताऱ्यांना पडवीच्या कडेने बसवलं. तुम्ही सांगा, आम्ही करतो, हात लावायचा नाही, असं पुन्हा बजावलं. ते सांगू लागले आणि तिघी करू लागल्या. काम होत होतं, पण सावकाश, आणि घरं पुन्हा वाळायलाही हवी होती. मी घड्याळाकडे पाहत होते. इतिहासाचे सर येऊन उभे होते.

असं करत करत नदीकडच्या कोपऱ्यापर्यंत काम आलं. तिथे कुणाचं घर होतं, हे बसलेल्यांपैकी कुणालाच नीट आठवेना. कडेचं, एकटं घर. मुलगी आत गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, "आज्जी, ते आपलं घर ना? कसं हुतं, सांग."

"सांगाया येत न्हाई मला."

"दार कुठं हुतं, एवढं तरी."

आजीने मान हलवली. मग आपले दोन्ही हात पुढे करून पाहिले आणि म्हणाली, "सारवलंय मी ते रोज. हाताला ठावं हाय, तोंडाला न्हाई."

मुलगी तशीच उभी राहिली. तिच्या हातात मळलेल्या मातीचा गोळा होता. ती काय विचार करते आहे ते मला दिसत होतं, आणि सरांनाही दिसत असावं, कारण ते घसा खाकरून म्हणाले की नियम विसरू नकोस. तिने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर मुलांना नियम वाचून दाखवले आहेत. हा नियमही मीच तिला पहिल्या दिवशी वाचून दाखवला होता. मी तिला एवढंच सांगितलं की नियम काय आहे ते तुला माहीत आहे, आणि नगरला जायचं की नाही तेही तूच ठरवायचं.

ती खाली बसली आणि तो गोळा तिने आजीच्या हातात दिला.

आजीने तो थोडा दाबून पाहिला, पाण्याचं बोट लावलं, आणि घर करू लागली. तिने आधी उंबरा केला. आम्ही कुणीच कुठल्याच घराला उंबरा केला नव्हता. मग चूल, घराच्या आत, जी छप्पर घातल्यावर दिसणारच नव्हती. बाहेर पडवीत बसलेली मंडळी एकेक करून आत येऊन पाहू लागली. आबांनी न विचारता मातीत हात घातला. त्यानंतर कुणाला थांबवण्यात अर्थ नव्हता, आणि मुलीने थांबवलंही नाही. मैत्रिणी माती मळून द्यायला लागल्या. प्रत्येकाने आपापलं घर केलं. प्रत्येकाचं घर शेजाऱ्याच्या घरापेक्षा मोठं झालं. आबांचं तर देवळापेक्षा मोठं झालं, आणि गोठा त्यांनी स्वतःच, काही न बोलता, वेशीला लागून केला. मी पट्टी पर्समध्ये ठेवली.

सोमवारी घरं उन्हात होती. सरांनी शाळेत मला आणि मुलीला बाजूला घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनाही तिला नगरला गेलेलं पाहायचं होतं. त्यांचं म्हणणं होतं की परीक्षकांना हे सांगायची काही गरज नाही, घरं कुणी केली असं कुणी मुद्दाम विचारत नाही, आणि आराखडा तर मुलींचाच आहे. ते खोटंही नव्हतं. मुलीने ऐकून घेतलं. मग तिने मला कार्डपेपर मागितला आणि प्रत्येक घरासाठी एक लहान चिठ्ठी कापली. त्यावर तिने आपल्या गोल अक्षरात लिहिलं की या घरात कोण राहत होतं, आणि त्याच्याखाली, हे घर कुणी केलं.

मंगळवारी आम्ही टेम्पोतून राहुरीला गेलो. हॉल भरला होता. थर्माकोलचे किल्ले होतेच. त्यांतले दोन इतके सारखे होते की दोन्ही गटांतली मुलं एकमेकांकडे पाहणं टाळत होती. कोल्हारच्या मुलांनी प्रवरेच्या काठच्या जुन्या घाटांवर सुंदर काम केलं होतं. पुराचं पाणी कुठवर यायचं ते त्यांनी स्वतः खुणा शोधून काढलं होतं. राहुरीच्या एका शाळेने अडकित्ते, रॉकेलच्या चिमण्या आणि पाटा-वरवंटा मांडला होता, आणि एक मुलगा प्रत्येक येणाऱ्याला वरवंटा उचलून दाखवायला सांगत होता.

परीक्षक बाई आमच्या टेबलाशी आल्या. त्यांनी आधी लांबून पाहिलं, मग वाकून.

"हे घर देवळापेक्षा मोठं कसं?" त्यांनी विचारलं.

"ते आबांनी केलंय, मॅडम. त्यांना तेवढं आठवतं."

"आणि हे छप्पर उचलता येतं?"

मुलीने आजीच्या घराचं छप्पर उचलून आतली चूल दाखवली. परीक्षक बाईंनी चिठ्ठ्या वाचायला सुरुवात केली. एकेक करून सगळ्या वाचल्या. मी तिथून थोडी मागे उभी होते. बाई कुठल्या चिठ्ठीपर्यंत आल्या ते मी मागून मोजत होते, आणि मी काही नववीत नाही.

"घरं तुम्ही केली नाहीत तर," त्या हळू म्हणाल्या.

"न्हाई, मॅडम," मुलगी म्हणाली, आणि घाईने दुरुस्त केलं, "नाही, मॅडम. ज्यांची होती त्यांनी केली."

"मग तुम्ही काय केलं?"

"आम्ही विचारलं. आणि माती मळून दिली."

परीक्षक बाईंनी हातातली चिठ्ठी जागेवर ठेवली. मग त्यांनी सांगितलं की नियमाप्रमाणे त्यांना हा प्रकल्प स्पर्धेबाहेर ठेवावा लागेल. मुलगी 'हो, मॅडम' म्हणाली. मला वाटलं आता हा बोर्डही उचलून भिंतीकडे नेतील. पण बाईंनी एक खुर्ची ओढून घेतली आणि त्या तिथेच बसल्या. वेस कुठे होती, पोळा कसा निघायचा, मारुती इकडे कसा आणला, एकेक विचारू लागल्या. मुलगी सांगत होती. एकदाही अडली नाही. वेशीचा दरवाजा कुठल्या दिशेला, हे कुणी न विचारताच तिने आधी सांगितलं.

पहिलं बक्षीस कोल्हारच्या घाटांना मिळालं, आणि ते योग्यच होतं. आमच्या मुलीने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. टेम्पोत मात्र ती गाव येईपर्यंत आमच्याकडे पाठ करून बसली. मी तिला तिळाची वडी दिली. तिने ती हातातच धरून ठेवली.

देवळापाशी सगळी मंडळी वाट पाहत होती. आबांनी आधी स्वतःच्या घराचं छप्पर शाबूत आहे का ते पाहिलं. आजी पदराने हात पुसत पुढे आली. नातीने तिला सांगितलं की नगरला जायचं नाही, आपण स्पर्धेबाहेर गेलो. का गेलो ते तिने सांगितलं नाही, आणि आजीनेही विचारलं नाही. आजीला ते कळलं होतं, असं मला तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. ती नोटीसबोर्डावर वाकली. दिवसभर हॉलमध्ये पंख्याखाली राहून अळीव माना टाकत होते.

"वाळाया लागलंय," ती म्हणाली. "पानी घालू का?"

मुलगी देवळातल्या माठाकडे गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. तो आजीच्या हातात देण्याआधी ती क्षणभर थांबली. मग तिने तांब्या स्वतःच्याच हातात धरला आणि त्याचं तोंड आजीपुढे केलं, बोटं बुडवायला.

"हातानं शिंपड, आज्जी," ती म्हणाली, आणि सबंध दिवसात पहिल्यांदा हसली.

बोर्ड अजून देवळातच आहे. तुमच्या आजोबांच्या बिलांच्या टाचण्यांची भोकं त्याच्या मागे अजून दिसतात. मी सोमवारी आणि गुरुवारी जाते तेव्हा पाहते, दर वेळी कुणीतरी एखादं घर थोडं इकडे किंवा तिकडे सरकवून ठेवलेलं असतं.